रिकामा खिळा

एडिसन, न्यू जर्सी
८ जून २०२५

ती. प्रीताताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पाहून हसू नकोस. आईचा हुकूम आहे. परवा फोनवर आपण दोघी भांडलो, ते तिने तुझ्या सोफ्यावर बसून सगळं ऐकलं. काल मला निरोप दिला की माझ्यावरून भांडायचं असेल तर कागदावर भांडा, फोनवर दोघी एकदम बोलता आणि मला एकीचंही धड कळत नाही. मुख्याध्यापिका रिटायर झाली तरी तिची शाळा काही सुटत नाही. तेव्हा हे माझं रीतसर भांडण, टपालाने.

मुद्द्यावर येते. ठरलं काय होतं? आईने नागपूरहून तुझ्याकडे यायचं, महिनाभर फिनलंड बघायचं, आणि तिथूनच नेवार्कचं विमान पकडून माझ्याकडे यायचं, ते थंडी पडेपर्यंत राहायला. महिना झाला. मी वरची खोली रंगवून घेतली, पाठीला बरी म्हणून कडक गादी आणली, अनयाने आजीसाठी दारावर पाटीसुद्धा लावली. आणि आई म्हणते, जून संपू दे, इथे अंधारच पडत नाही, बघायला मजा येते. अंधार न पडणं हे काय एखाद्या गावात राहण्याचं कारण झालं?

तू पाठवलेला फोटो मी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये पाहिला. आई बाकावर बसून लोकर विणतेय, शेजारी ती तुमची म्हातारी शेजारीण हेल्मी, आणि दोघी कशाला तरी खदखदून हसताहेत. आईला फिनिश येत नाही, हेल्मीला मराठी येत नाही, मग हसल्या कशाला? बाबा गेल्यापासून आईला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. ते हसू तिने तुझ्याकडे काढलं. मला आनंद व्हायला हवा होता, ताई. मला राग आला.

माझ्याकडे काय कमी आहे, सांग ना. ओक ट्री रोड गाडीने दहा मिनिटांवर आहे. ज्वारीचं पीठ मिळतं, अंबाडी मिळते, सांडगे मिळतात. दाराबाहेर पडलं की चार मराठी बायका भेटतात. आमचा शनिवारचा ग्रुप आहे, दर शनिवारी एकीच्या घरी चहा आणि गप्पा. सगळ्यांत मोठ्या नीलाकाकू, सत्तरच्या दशकात इथे आलेल्या डॉक्टर, आता निवृत्त. त्या सगळ्यांची मायेने चौकशी करतात. आणि मोना पाटील आहे. तिच्याबद्दल तुला फोनवर सांगितलंय. तिच्यासारखं मला जमायला हवं असं रोज वाटतं. कोणी नाव-गाव विचारलं की मोना पाटील, आम्ही पुण्याचे, असं न अडखळता सांगते आणि वर समोरच्याला करंज्यांची रेसिपी देते. मी वानखेडे सांगते तेव्हा अजून अडखळते. वानखेडे आपल्यातही असतात आणि त्यांच्यातही, म्हणून तर निभावतं. मोनाला अडखळायचं कारणच काय? तिची आई मात्र कधी येत नाही, व्हिसा मिळत नाही म्हणते. खरं सांगू, तेवढ्यापुरतं मला बरं वाटायचं. म्हणजे एका बाबतीत तरी मी तिच्या पुढे.

बाबांनी काढलेलं बाबासाहेबांचं चित्र माझ्याही दिवाणखान्यात आहेच. शनिवार माझ्याकडे असला की तेवढं काढून आत ठेवते. तुला ते माहीत आहे, नव्याने नाक मुरडू नकोस. माझ्या नवऱ्याच्या नावाचंही, धम्मदीपचं, ग्रुपमध्ये सगळ्यांनी दीप केलंय आणि त्याचं काही अडत नाही. इथे चार माणसांत राहायचं तर एवढं करावं लागतं.

तर आईला समजाव. तुझ्याकडे काय आहे, झाडं आणि शांतता. ती दोन्ही आमच्याकडेही मिळतात, थोडं लांब जावं लागतं एवढंच.

निहारला गोड पापा, अनीशभाऊजींना नमस्कार. माझ्यावर लोभ असू दे, सगळाच आईवर संपवू नकोस.

तुझी,
सोनल

औलु, फिनलंड
२३ जून २०२५

चि. सोनल हिस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने आधी वाचलं, मग मला दिलं. आता पत्रातल्या एका वेलांटीखाली तिची लाल रेघ आहे.

परवा इथला मिडसमरचा सण झाला. समुद्रकाठी मोठी होळी पेटवतात आणि तिच्याभोवती मुकाट्याने उभे राहतात. आपल्याकडे एवढी माणसं जमली असती तर कान किटले असते. आईला ते फार आवडलं. म्हणाली की सभा असावी तर अशी, भाषणच नाही. हेल्मीने तिला लोकरीचे मोजे विणायला शिकवले, एक मोजा झालाय आणि दुसरा त्याच्यापेक्षा मोठा होतोय. फोटोत त्या दोघी यालाच हसत होत्या. तुझ्याकडून चोरून आणलेलं हसू नव्हतं ते.

बाबांनी मला दिलेलं चित्र आमच्या दारासमोरच्या भिंतीवर आहे. तुझ्याकडे आहे तसंच, बाबासाहेब वाचताहेत आणि चष्म्याच्या काचेत बाबांनी बारीकशी खिडकी काढलेली. हेल्मीने आईला खुणेने विचारलं की हे तुमचे आजोबा का. आईने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. मग हाताने मोठं वर्तुळ करून दाखवलं की आमचे, तुमचे, सगळ्यांचेच. तेव्हापासून हेल्मी येताना बागेतली लायलॅकच्या फुलांची फांदी आणते आणि चित्राखाली ठेवते. तिला वाटतं आमच्या घराण्यात मोठे विद्वान होऊन गेले. ते काही खोटं नाही.

हे वाचून तुला वाटेल की बघा, ताईकडे कसं मोकळं आहे. म्हणून पुढचंही लिहिते.

इथे आडनाव कोणी विचारत नाही हे खरं. इथे ते वाचतात. नागपूरला मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे हे लिहून जिथे जिथे अर्ज केले तिथून उत्तरही आलं नाही. माझ्या वर्गातल्या रशियन बाईने लग्नानंतर नवऱ्याचं फिनिश आडनाव लावलं आणि तिला महिन्याभरात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. मी भाषा शिकले आणि बालवाडीत लागले. मुलं गोड आहेत, माझी तक्रार नाही. पण लग्नानंतरही मी ठेवलेल्या रामटेके या नावाचा अर्थ इथे कोणालाही कळत नाही, तरी ते नाव आडवं येतंच.

बसमध्ये माझ्याशेजारची सीट रिकामी राहायची. पहिली दोन वर्षं मला कळेना, हे माझ्या रंगामुळे की इथल्या लोकांच्या सवयीमुळे. मग पाहिलं की हे लोक एकमेकांशेजारीही बसत नाहीत, आणि मी अगदी हलकी झाले. पुढे एका हिवाळ्यात बस खच्चून भरली, माणसं दांड्याला धरून उभी होती, तरी माझ्याशेजारची सीट रिकामी. मीच उठून उभी राहिले. लगेच तिथे कोणीतरी बसलं. आई आली तेव्हापासून ती माझ्याशेजारी बसते, म्हणून यंदाचा उन्हाळा मला सुखाचा जातोय.

आणि आपल्या लोकांचं म्हणशील तर गेल्या वर्षी इथे एक पुण्याचं कुटुंब आलं. मी वेडी झाले होते आनंदाने. मराठी बोलायला कोणी मिळालं! निहारशी मी मराठीत बोलते आणि तो मला फिनिशमध्ये उत्तर देतो. दोनदा त्यांना जेवायला बोलावलं. दुसऱ्या वेळी बाईंनी चित्राकडे पाहून विचारलं की रामटेके म्हणजे नक्की कोण. मी सांगितलं. पुढे बर्फ फार पडला म्हणून त्यांचं येणं झालं नाही. बर्फ वितळला, तरी झालं नाही.

तेव्हा हेवा तुलाच वाटतो असं समजू नकोस. तुझ्या शनिवारचा मला हेवा वाटतो, चार बायकांच्या कलकलाटाचा वाटतो. आणि सगळ्यांत जास्त याचा वाटतो की तुला लपवता येतं. मी लपवायचं म्हटलं तरी काय लपवू? चेहराच माझ्या आधी दारातून आत जातो. असला हेवा वाटला की मला माझीच लाज वाटते, पण वाटतो.

आता आईचं. ती तुला सांगायची नाही, म्हणून मी सांगते. दीड वर्षापूर्वी ती तुझ्याकडे आली होती आणि मे महिन्यापर्यंत राहायचं सोडून फेब्रुवारीतच परत गेली. आपल्याला म्हणाली की बाबांचे गुडघे दुखताहेत. बाबांच्या गुडघ्यांना तेव्हा काही झालं नव्हतं. तुझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं त्या दिवशीचं आहे हे. नीलाकाकूंनी आईला प्रेमाने विचारलं की तुमचं आडनाव काय, गाव कुठलं. आई उत्तर द्यायला उभी राहिली आणि तू मध्येच म्हणालीस की आई नागपूरची, शाळेत होती, आणि तिला गुळाच्या पोळ्या बघायला आत नेलंस. बायका जाईपर्यंत ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होती. मला ती एवढंच म्हणाली की आयुष्यभर मी पोरांना हजेरीला पूर्ण नाव सांगायला लावलं, मान वर करून, आणि माझ्या मुलीच्या घरी मला माझं नाव सांगता आलं नाही.

चिडशील, माहीत आहे. चिडून झाल्यावर लिही.

तुझी,
प्रीता

एडिसन
६ जुलै २०२५

ती. प्रीताताईस,
जयभीम.

चिडूनच लिहितेय. चिडून झाल्यावर लिहायचं तर या वर्षी पत्र निघणार नाही.

तू मला सांगणार? तू, जिच्या दारात हेल्मी फांदी घेऊन येते? तुला एका कुटुंबाने टाळलं आणि तू बर्फाचं छानसं वाक्य करून मोकळी झालीस. माझ्या आजूबाजूला तशी पन्नास कुटुंबं आहेत, ताई. त्यांच्यात मला रोज दूध आणायला जायचंय, अनयाला त्यांच्या मुलांबरोबर शाळेत पाठवायचंय. मी नवीन आले तेव्हा जर्सी सिटीत दोन मुलींबरोबर राहत होते ते आठवतं ना? मी तेव्हा खरं सांगितलं होतं. मान वर करून, आईने शिकवलं तसं. कोणी मला एक शब्द वाईट बोललं नाही. फक्त आठवड्याभरात त्यांची कढई आणि तवा वेगळ्या कपाटात गेले, आणि त्या हसून म्हणाल्या की आम्ही व्हेजिटेरियन आहोत ना, म्हणून. अगं, कोंबडी तर त्याच आणायच्या! तेव्हापासून ठरवलं, आता नाही सांगायचं. यात माझं काय चुकलं?

हळदीकुंकवाचं मला आठवत होतं. वेगळं आठवत होतं. मला वाटलं होतं मी आईला वाचवलं. नीलाकाकू विचारतात, मग सगळ्या बघायला लागतात, मग तो हो का म्हणण्याचा सूर येतो, तो सूर मला आईच्या कानावर पडू द्यायचा नव्हता. ती स्टुलावर बसून होती हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी दोनदा आत जाऊन आले. ती पोळ्यांना तूप लावत होती, शांत होती. मला वाटलं, बरं झालं.

आणि हे सगळं तिने तुला सांगितलं. मला नाही. दीड वर्षं तिने ते मनात ठेवलं आणि तुझ्याकडे गेल्यावर काढलं, हसूही तिथेच, हेही तिथेच. माझ्या वाट्याला काय, गुडघे? लहानपणापासून असंच आहे. तू तापाने फणफणलीस तर ती शाळेला सुट्टी टाकायची. माझा ताप मात्र रविवारी यायचा.

तुला लपवता येत नाही म्हणून माझा हेवा वाटतो म्हणतेस. येऊन बघ एकदा लपवून. हळदीकुंकवाच्या दिवशी पाहुण्या यायच्या आधी चित्र काढलं, तेव्हा भिंतीवर त्याच्या आकाराचा फिका चौकोन राहिला आणि मधोमध खिळा. मला तो दिसलाच नव्हता. मोनाला दिसला. चहाचा कप हातात धरून ती त्या खिळ्याकडे कितीतरी वेळ बघत होती, मग मला विचारलं की इथे काय होतं. मी म्हटलं घड्याळ. तिने चहा संपवला. मला वाटलं, हिला घर नीट ठेवता येत नाही असंच ती मनात म्हणत असणार. आता तिच्या घरी कधी रिकामा खिळा दिसेल का!

गेल्या महिन्यात अनयाला मराठीच्या वर्गात घराण्याचा वृक्ष काढायला सांगितला होता. ती विचारत आली की आजीचं लास्ट नेम काय लिहू. मी म्हटलं ते स्किप कर. ती म्हणाली की पण मॉम, मग आजी कुठे लावू? मी तिला दूध पी म्हटलं.

ताई, आई माझीही आहे. तिला म्हणावं ये. आली नाही तर मी समजेन की मी आता तुमच्यात नाही. एवढंच.

सोनल

ता. क. लाल रेघ कुठल्या वेलांटीखाली होती ते कळव.

औलु
१९ जुलै २०२५

चि. सोनल,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुमची दोन्ही बाजूंची पत्रं मी वाचली. तू माझ्याबद्दल मला सोडून सगळ्यांना लिहितेस, म्हणून आता मीच लिहिते. अक्षर हल्ली हलतं, समजून घे.

तुझे ताप रविवारी यायचे हे खरं. पण तेव्हा तुझे बाबा आणि मी दोघंही तुझ्या उशाशी असायचो, हे तू सोयीस्कर विसरलीस.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. चित्र तू काढून ठेवतेस ते तुझं तू बघ. ज्याला रोज दूध आणायला जायचं असतं त्याला मी बाहेरून शहाणपण शिकवणार नाही. कढई वेगळ्या कपाटात गेली हे मात्र तू मला तेव्हा सांगायला हवं होतंस. मी काही करू शकले नसते, पण ऐकलं असतं.

माझं दुखलं ते एवढ्यासाठी की तू मला विचारलं नाहीस. तुला वाटलं मला तो सूर सोसवणार नाही. बाळ, तो सूर मी तू जन्मायच्या आधीपासून ऐकते आहे. मास्तरीण म्हणून पहिल्या शाळेत रुजू झाले तेव्हा माठातलं पाणी मला शिपायाने वरून ओतून दिलं होतं. निवृत्त झाले तेव्हा त्याच शाळेची किल्ली माझ्या कमरेला होती. नाव मी तेच सांगत होते.

तू लहान असताना घरी पाहुणे आले की मी तुला पूर्ण नाव सांगायला लावायचे. तू अडखळायचीस, लाल व्हायचीस, आणि मी मागे उभी असायचे. मधे बोलत नव्हते. आता मी येते आहे, तीन ऑगस्टला. तुझ्या बायका आल्या आणि मला कोणी विचारलं तर मी सांगेन. या वेळी तू मागे उभी राहा. मधे बोलू नकोस, एवढंच मागते.

मोज्यांची जोडी पुरी झाली. एक मोठा आहे. तो तुला.

प्रीता रुसली आहे. मी निघणार म्हटल्यापासून माझ्याशी बेतानेच बोलते. बसमध्ये तिच्याशेजारी आता कोण बसणार, या विचाराने मलाही झोप लागत नाही. हेल्मीला मी खुणेने विचारलं आहे की बुधवारी बाजारात जाताना हिच्याबरोबर बसने जाल का. तिला कळलं असावं.

तुझी,
आई

एडिसन
१८ ऑगस्ट २०२५

ती. प्रीताताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आई सुखरूप आहे, जेवणखाण व्यवस्थित, पाठ दुखत नाही. गादी फार कडक आहे म्हणते. मोठा मोजा मी घातला, अनया म्हणाली की तो मोजा नाही, स्लीपिंग बॅग आहे. तुझ्या पत्रातलं बुधवारच्या बसचं आम्ही दोघींनी वाचलं. हेल्मी तुझ्याशेजारी बसून स्टॉप येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, हे वाचल्यावर आई म्हणाली की बोलायचं कशाला, बसली ना.

परवाचा शनिवार माझ्याकडे होता. सकाळपासून मी तीनदा चित्राजवळ गेले. आई खुर्चीवर मेथी निवडत बसली होती, तिने मान वर केली नाही. तिने काही म्हटलं असतं तर मी कदाचित चिडून काढलंही असतं. चौथ्यांदा गेले आणि फडक्याने काच पुसून परत आले.

नीलाकाकू आल्या, वसुधा आली, आणखी चौघी आल्या, मोना शेवटी. सगळ्यांना चित्र दिसलं. मग आईने स्वयंपाकघराकडे वळून खणखणीत हाक मारली की धम्मदीप, चहा आण रे बाळा. दीप नावाचा माणूस आमच्या घरातून तिथेच गेला. तो ट्रे घेऊन बाहेर आला तो हसतच.

नीलाकाकूंनी आईचा हात हातात घेतला आणि मागच्या वेळी आपलं बोलणंच झालं नाही म्हणाल्या. तुमचं आडनाव काय म्हणालात? ताई, माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. आपोआप आलं होतं, चहात साखर घालावी तसं. आईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी तिच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले.

तिने मान वर करून सांगितलं की मी कमला शंकरराव रामटेके, नागपूर, मुख्याध्यापिका होते. हे चित्र माझ्या नवऱ्याने काढलं, दोन मुलींसाठी दोन काढली.

तो सूर आला. वसुधा हो का म्हणाली. नीलाकाकू उठून चित्राजवळ गेल्या, चष्मा वर करून पाहिलं, आणि काचेतली खिडकी फार सुंदर काढलीय म्हणाल्या. त्यांना आणखी काय वाटलं ते मला कळलं नाही, पण बसल्या पुन्हा, आणि आईला तिच्या शाळेबद्दल विचारत राहिल्या. वसुधाला मात्र आठवलं की मुलाला पोहायला न्यायचंय. तिच्याबरोबर आणखी दोघी उठल्या. काल मेसेज आला की पुढचा शनिवार कॅन्सल केलाय, वसुधाकडे रंगकाम निघालंय. खोटं कशाला सांगू, मी रात्री रडले. आईने ऐकलं, ती आत आली नाही. सकाळी मला आवडतात म्हणून तर्रीपोहे केले होते.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. सगळ्या गेल्या तरी मोना गेली नव्हती. ती स्वयंपाकघरात माझे कप विसळत उभी होती. मला वाटलं, आता ही आपल्या गोड आवाजात काहीतरी समजुतीचं बोलणार, आणि मला ते नको होतं. ती नळ बंद करून वळली आणि अगदी हळू, कोणी ऐकेल की काय अशी, मला जयभीम म्हणाली.

आमची सहा वर्षांची ओळख, ताई! अगं, सहा वर्षं मी तिच्यासमोर अंग चोरून बसायचे आणि ती माझ्यासमोर. ती पुण्याची नाही, उस्मानाबादकडची आहे. पाटील आपल्यातही असतात. ते न अडखळणं ती आरशासमोर उभी राहून शिकली होती. तिच्या आईचा व्हिसा कधी नाकारलाच गेला नाही. मोनानेच तिला कधी बोलावलं नाही, आईच्या बोलण्यावरून कळेल म्हणून.

मी विचारलं की माझ्याबद्दल तुला कधी कळलं. ती म्हणाली की संक्रांतीला, तो खिळा पाहिला तेव्हाच. घड्याळाचा चौकोन तेवढा उंच नसतो. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली की तुझा हेवा वाटला म्हणून. पाहुणे गेले की तुला चित्र परत लावायला खिळा तरी होता. मी या देशात आल्यापासून तो ठोकलाच नाही. माझं चित्र थंडीच्या कोटांखाली बॅगेत आहे.

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. धम्मदीपला हातोडी कुठे आहे ते विचारलं आणि चपला घातल्या.

आम्ही चालतच गेलो, तीन घरं सोडून तर राहते ती. मोनाने बॅग काढली, कोट बाजूला केले. आईने दिवाणखान्यात उभं राहून जागा ठरवली, दारासमोरची, तुझ्याकडे आहे तशी. खिळा मोनालाच ठोकायला लावला. पहिला वाकडा गेला, दुसरा बसला. चित्र लागलं तेव्हा मोना एकदम आईच्या गळ्यात पडली आणि आई आई म्हणत हमसून रडायला लागली. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती, आपल्या डोक्यावरून फिरवायची तसाच, कानाच्या मागून.

मला काय वाटलं सांगू? हेवा. माझी आई होती ती! हिला मिठी, आणि पुढे मी रडले तर मला पोहे. पुढे व्हावं, मलाही जवळ घे म्हणावं, असं फार वाटलं.

पण मी मागेच उभी राहिले. मधे बोलले नाही.

मोनाने आज तिच्या आईच्या व्हिसासाठी अर्ज भरायला घेतलाय. पुढचा शनिवार आम्ही दोघी तिच्याकडे करणार आहोत, जी येईल ती येईल. नीलाकाकूंनी करंज्या आणते म्हणून कळवलंय. अनयाने वृक्ष पुन्हा काढला, आजी तिच्या जागी लागली. तू डिसेंबरात सगळ्यांना घेऊन ये, विमानात तुझ्याशेजारी निहार बसेल. निदान आईवरून समोरासमोर भांडता येईल.

लोभ होताच, आता जरा माझ्याही वाट्याला जास्त येऊ दे.

तुझी धाकटी,
सोनल धम्मदीप वानखेडे, माहेरची रामटेके